भिंगरीचा घोडा

सकाळच्या शांततेत धप्प आवाज झाला आणि डोळे न उघडताच मला कळलं, पाय पडला.

ह्यांचा पाय. झोपताना काढला की हे तो उशाशी भिंतीला टेकवून उभा करायचे, बुटासकट, बंदूक उभी करावी तसा. कधी मांजराच्या धक्क्यानं पडायचा, कधी आपला आपणच. पण त्या दिवशीच्या आवाजात एक बारीक कट्ट होतं. हे उठून बसले. अंधुक उजेडात पाय मांडीवर घेतला आणि वरच्या कपावरून बोटं फिरवली. हॉस्पिटलवाले त्याला सॉकेट म्हणतात. पायाचा उरलेला खुंट त्यात बसतो म्हणून आमच्या घरात कप. एक चीर आधीपासून होती. ती आता काठापर्यंत गेली होती.

"फुटला?" मी विचारलं.

"नाही. तडकलाय."

"म्हणजे फुटलाच की."

"तडकणं वेगळं, फुटणं वेगळं," हे म्हणाले आणि पाय परत भिंतीला लावला, या वेळी नीट कोन बघून.

ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली वीतभर आहे, पुढे नाही. सुरुंग होता. त्याबद्दल हे एवढंच सांगतात, तेही कुणी खोदून खोदून विचारलं तर. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर वर्षानं. त्यामुळे दोन पायांवर चालणारा माझा नवरा मी कधी पाहिलेला नाही, फोटोत तेवढा पाहिलाय. गावात लहानथोर ह्यांना फौजी म्हणतात. म्हणताना थोडा मान असतो, थोडी कीव असते. किती काय, ते बोलणाऱ्यावर.

सकाळी उठल्या उठल्या खुंट सुजलेला असतो, कपात जात नाही. अर्धा-पाऊण तास जावा लागतो. तोवर परसात पाण्याच्या टाकीपलीकडे न्हाणीपर्यंत जायचं तर कुबडी घ्यायला हवी. कुबडी माळ्यावर होती. हॉस्पिटलनं दिली त्या दिवशी हे ती स्वतः माळ्यावर टाकून आले, म्हणाले, "ती म्हाताऱ्यांची." म्हणून हे रांगत जायचे. दोन हात, दोन गुडघे, डावा खुंट जमिनीपासून वर उचललेला. मी तेवढा वेळ चुलीकडे तोंड करून बसायची. आमच्यात तसं काही ठरलेलं नव्हतं. पण मी बघायचं नाही आणि ह्यांनी माझ्याकडे बघायचं नाही, हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बसून गेलं ते गेलंच.

भिंगरी तीन वर्षांची असताना एकदा लवकर उठली. दारात येऊन उभी राहिली, आणि हे नेमके उंबऱ्यावर, चारी पायांवर. मी चुलीशी. माझा हात तव्यावरच थांबला. पोरगी बघत राहिली. मग हे मान झटकून खिंकाळले. अगदी खऱ्या घोड्यासारखे. भिंगरी हसत सुटली, धावत जाऊन पाठीवर चढली. त्या दिवसापासून रोज सकाळी घोडा. आमचा जुना टॉवेल लगाम झाला. पोरगी आता पाच वर्षांची, चांगली वजनाला भरलेली, पण ह्यांनी एकदाही उतर म्हटलं नाही.

त्या दिवशीही पाय भिंतीला लावून झाल्यावर ह्यांनी हाक मारली, "कोण आहे रे तिकडे? घोडा निघाला."

*

गहू कापणीला आला होता. आठ दिवस कोरडा वारा सुटलेला, ओंब्या हाताला लागल्या तरी दाणे गळायचे. आमच्याकडे कापणी एकमेकांच्या मदतीनं करतात. आज सगळे आमच्या शेतात, उद्या आम्ही सगळे त्यांच्या. त्यामुळे घरटी एक तरी पूर्ण माणूस यायलाच हवा. पूर्ण माणूस हा शब्द मोठे दीर वापरतात. त्यांच्या मनात काही नसतं.

ह्यांनी चिरेवर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि विळा घेऊन ओळीत बसले. नकली पायानं उकिडवं बसता येत नाही. हे तो पाय पुढे सरळ ठेवतात, उजव्या गुडघ्यावर भार घेतात आणि ढुंगणावर सरकत सरकत कापतात. इतरांची ओळ पुढे जाते, मग ह्यांच्यासाठी थांबते. थांबल्याचं कुणी दाखवत नाही. कुणी विळ्याला धार लावतं, कुणी पाणी पितं. ते न दाखवणंच जास्त दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे दीर हसत म्हणाले, "तू पेंढ्या बांध की. बांधायला माणूस कमी पडतंय."

बांधायला आम्ही पाच बायका होतो आणि हात रिकामे पडत होते.

जाऊबाई तोंडावरचं फडकं सोडून म्हणाल्या, "या फौजी, आमच्या पलटणीत. इथे कवायत नाही, पण बडबड भरपूर आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं. हे उठले, धूळ झटकली, विळा नीट खाली ठेवला आणि आमच्यात येऊन पेंढ्या बांधायला लागले. गाठ इतकी पक्की मारायचे की मळणीच्या वेळी सोडताना शिव्या पडाव्यात.

घरी आल्यावर पाय काढला तर कपातून घाम ओतला, त्यात रक्त. खुंटाच्या टोकाशी रुपयाएवढी कातडी गेलेली. ट्यूबमुळे चीर आतल्या बाजूला दबून काठ सुरीसारखा झाला होता.

तिसऱ्या दिवशी मी हट्टानं दवाखान्यात नेलं. तिथले म्हातारे डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा कप चालणार नाही. असंच घासत राहिलं तर आत सडेल, आणि मग गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. गुडघा आहे तोवर माणूस चालतो, बाई. गुडघा गेला की चालणं वेगळंच होऊन जातं. सैनिकांच्या हॉस्पिटलातून नवा पाय घ्या."

चिठ्ठीवर त्यांनी फक्त मलमाचं नाव लिहिलं.

नव्या पायाचं गणित सोपं नव्हतं. दर तीन वर्षांनी तपासणीचं पत्र येतं. त्या दिवशी डॉक्टरांनी 'पाय बदलावा' असं लिहिलं तर नवा मिळतो. 'पाय ठीक' लिहिलं तर आणखी तीन वर्षं तोच. मागच्या खेपेला हे एकटे गेले होते आणि सगळं ठीक आहे सांगून आले होते. या वेळचं पत्र आलेलं होतं. तारीख सहा दिवसांवर होती. मला वाटलं, दैव बरं आहे, पाय वेळेवर फुटला.

दुसऱ्या दिवशी मी शेतातून परतले तर ओट्यावर सुतार बसलेला. त्याच्या मांडीवर ह्यांचा पाय. चिरेत त्यानं डिंक आणि लाकडाचा भुसा भरला होता, वरून पॉलिश पेपर मारत होता.

"वहिनी, बघा," तो खुशीत म्हणाला. "कातडीच्या रंगाचा हात मारला की कुणाच्या बापाला कळणार नाही."

"दादा, तो मोडकाच न्यायचाय," मी म्हटलं. "दाखवायचाय तो."

सुतारानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटाला पॉलिश करत होते. दोन्ही बुटांना. ज्यात पाय नाही त्यालासुद्धा.

सुतार गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं तर हे आधीच म्हणाले, "तुटकं सामान घेऊन साहेबांपुढे उभं राहायचं नसतं. तुला कळायचं नाही. तुटलं तर ते मी तोडलं, मी सांभाळलं नाही, असा अर्थ होतो."

"अहो, पण हा काय पट्टा आहे का? पाय आहे."

"सरकारनं दिलेलं आहे. सामानच."

पुढचे चार दिवस हे कापणीला गेले नाहीत. पाय घातलाच नाही, खुंट सुकावा म्हणून. दिवसभर घरात रांगायचे. भिंगरीची चंगळ झाली. दिवसाला दहा फेऱ्या. उन्हात ठेवून ठेवून जखमेवर गुलाबी कातडी धरली. मला वाटत होतं, चला, आराम पडतोय. हे तपासणीसाठी खुंटालाही पॉलिश करत होते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, मीही येते. हे नको म्हणाले. मी म्हटलं, भिंगरीला शहर दाखवायचंय. मग म्हणाले, "या. पण तिथे तू एक शब्द बोलायचा नाहीस. बायको बोलते आणि माणूस गप्प बसतो, असले मी तिथे पाहिलेत. शब्द दे."

मी दिला.

*

हॉस्पिटलच्या लांब बोळात एकच बाक होता आणि त्यावर नऊ माणसं. कुणाचा हात नाही, कुणाचा डोळा. दोघांचं सगळं शाबूत दिसत होतं, पण दार वाजलं की ते दचकायचे. भिंतीला पाठ लावून बसण्यासाठी त्यांच्यात कोपऱ्याची ओढाताण चालली होती. टोकाला एक म्हातारे बसले होते. उजवा पाय मांडीपासून नव्हता, कानात यंत्र होतं. सगळे त्यांना तोफवाले काका म्हणत होते. ह्यांना बघून ते सरकले.

"ये, बस. कितवी खेप?"

"दुसरी."

"माझी अकरावी. दर तीन वर्षांनी बोलावतात बिचारे. बघतात, पाय उगवला का."

बाक हसला. हेही हसले. किती दिवसांनी मी ह्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

"उगवला तर पेन्शन बंद हां," कोपऱ्यातला एक म्हणाला.

"म्हणून तर मी पाणी घालत नाही," काका म्हणाले. मग भिंगरीकडे वळले. "आणि हे कोण? हवालदार?"

"मी भिंगरी," ती म्हणाली. "माझ्याकडे घोडा आहे."

"अरे वा. घोडदळ."

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

आमचा नंबर लागला. आत टेबलामागे तरुण डॉक्टरबाई होत्या. डोळ्यांखाली काळं, समोर फायलींचा ढीग, पण आवाज मऊ. दार नीट लागत नव्हतं, बाहेरचा अर्धा बाक दिसत होता. हे खोलीत शिरले ते ताठ, टाचा जुळवून उभे. डॉक्टरबाई बसा म्हणाल्या तरी दुसऱ्यांदा सांगेपर्यंत बसले नाहीत.

त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. फरशीवर पिवळी रेघ होती. हे त्या रेघेवरून गेले आणि आले, एकदाही बाहेर पडले नाहीत. कपाळावर घाम आला तो मलाच दिसला असावा. मग पाय काढून दाखवला. त्यांनी खुंट पाहिला, कप फिरवून पाहिला. सुतारानं काम चोख केलं होतं.

मग कागदावरचे प्रश्न सुरू झाले.

"जिना चढता येतो?"

"होय, मॅडम."

"जमिनीवर बसून उठता येतं?"

"होय, मॅडम."

"न थांबता किती चालू शकता?"

"सांगाल तेवढं."

त्या हसल्या. "घरात वावरताना काही अडचण? कुणाची मदत?"

"नाही, मॅडम."

मी त्या प्रत्येक उत्तराबरोबर खुर्चीची कड घट्ट धरत होते.

"पाय फार चांगला ठेवलाय तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतका नीट ठेवलेला क्वचित बघायला मिळतो. अजून तीन वर्षं सहज जाईल."

ह्यांची छाती भरून आली. खरंच, शर्टाच्या गुंड्या ताणलेल्या मी पाहिल्या. कुणीतरी ह्यांना चांगलं म्हटल्याला किती दिवस झाले होते. डॉक्टरबाईंचं पेन कागदाकडे निघालं. मला दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर दिसले, कपाळावर चष्मा. गुडघा आहे तोवर माणूस चालतो, बाई.

मी शब्द दिला होता. मी डॉक्टरबाईंशी बोलले नाही. मी माझ्या पोरीशी बोलले.

"भिंगरी," मी म्हटलं, "डॉक्टरमावशींना सांग बरं, बाबा रोज सकाळी काय होतात?"

ह्यांची मान गर्रकन वळली.

"घोडा," भिंगरी म्हणाली.

"हो का?" डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "छान हं."

इथे मी थांबले असते तरी चाललं असतं. पोरगी गोड बोलली, एवढ्यावर गेलं असतं. पण पेन कागदाला टेकलं होतं.

"दाखव ना," मी म्हटलं. "बाबा कसा घोडा होतात, दाखव."

भिंगरीला दाखवायला नेहमीच आवडतं. तिनं चपला काढून बाजूला जोडीनं ठेवल्या. हात आणि गुडघे फरशीवर टेकले, डावा पाय मागे वर उचलला आणि निघाली. टेबलापासून दारापर्यंत, पिवळ्या रेघेवरूनच.

"हा पाय खाली लावायचा नाही," जाता जाता ती समजावून सांगत होती. "घोड्याला तिथे लागलंय. मग हा उंबरा येतो. उंबऱ्यावर घोडा असा आवाज करतो." आणि तिनं दात आवळून श्वास आत ओढला. स्स्स. "मग टाकीपाशी थांबायचं. तिथे त्याला दम लागतो. तेव्हा त्याला चल म्हणायचं नाही."

ती दारापाशी पोचली, बाहेरच्या बाकासमोर. तोफवाले काका एकाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज," भिंगरी अभिमानानं म्हणाली. "पाऊस असला तरी. आता तर दिवसभर पण."

हे समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. एक खिळा होता.

डॉक्टरबाई उठून ह्यांच्यापुढे खाली बसल्या, फरशीवरच. खुंट हातात घेऊन गुलाबी कातडीच्या कडेनं अंगठा दाबला. पू आला. मग कप उचलून आतल्या बाजूला नख लावलं. भुसा आणि डिंकाचा तुकडा सुटून आला, मागोमाग चीर दिसली.

"हे कुणी केलं?"

"सुतारानं."

"का?"

"तुटकं सामान दाखवत नाहीत, मॅडम."

त्यांनी खुर्चीत बसून कागद वर-खाली पाहिला. "रांगतात असं लिहायला इथे रकानाच नाही," त्या म्हणाल्या. जणू आम्हालाच विचारत होत्या. "घरी येऊन बघणारं माणूस असतं आमच्याकडे. असायला हवं. ती जागा चार वर्षं रिकामी आहे. ते माणूस तुमच्याकडे आलं असतं तर..." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. कागदाच्या कडेला, जिथे लिहायचं नसतं तिथे, आडवं भरभरून लिहिलं.

नवा पाय मंजूर झाला. माप त्याच दिवशी घेतलं. तीन आठवड्यांनी मिळणार होता. तोवर जुना घालायचा नाही, जखमेला रोज पट्टी, कुबडी वापरायची. बाहेर आलो तर बाकानं आम्हाला वाट दिली. कुणी थट्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

बसमध्ये हे खिडकीशी बसले. हॉस्पिटलनं तेवढ्यापुरती दिलेली कुबडी दोन्ही हातांनी धरून, जणू कुणा दुसऱ्याची सांभाळायला घेतलीय. भिंगरी ह्यांच्या मांडीवर झोपली. जुना पाय माझ्याकडे पिशवीत होता. बूट बाहेर डोकावत होता, चकचकीत.

अर्धी वाट गेल्यावर हे म्हणाले, "तू बोलली नाहीस."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"शब्द पाळलास," हे म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी चुलीकडे तोंड करून बसले. माळ्यावरची जुनी कुबडी मी आदल्या संध्याकाळी ह्यांच्या सांगण्यावरून उतरवली होती. हॉस्पिटलची उंचीला बसत नव्हती. जाळी पुसली, पण खालचं रबर वाळून दगड झालं होतं. आतून आवाज आला. टक्. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्.

भिंगरी केव्हाच उठली होती. टॉवेल गळ्यात अडकवून उंबऱ्यावर उभी, घोड्याची वाट बघत. हे आले. उभे. इतक्या सकाळी तिनं त्यांना कधी उभं पाहिलं नव्हतं. ती मान वर करून बघत राहिली. ह्यांनी कुबडीवर भार दिला, मोकळ्या हातानं तिच्या केसांवरून हात फिरवला, तिला हलकेच बाजूला केलं आणि उंबरा ओलांडला. ओलांडताना तोंडून आवाज निघू दिला नाही. टक्, टक् करत टाकीपाशी गेले. तिथे थांबले नाहीत.

शेतात त्या दिवशी आमची पाळी होती. मोठे दीर माणसं घेऊन येणार होते. डबा बांधायचा होता, विळ्यांना धार लावायची होती. मी उठले नाही. पाठीमागे पावलं वाजली. भिंगरी माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली. टॉवेलाची दोन्ही टोकं तिनं हातात पीळ देऊन धरली होती.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, परसात ऐकू जाऊ नये म्हणून. "मी घोडा चुकीचा दाखवला का?"